गुरुजी कोणाचे?

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देवळांचा वाद पुन्हा पेटलाय. मामेभाऊ म्हणतो, सरकारनं मंदिरांतून हात काढावा. सोलापूरचे काका म्हणतात, म्हणजे पुन्हा बडव्यांचं राज्य आणायचं का? दोघांचंही अगदीच चूक नाही. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातले पुजाऱ्यांचे हक्क काढणारा कायदा १९७३ चा, पण कोर्टकज्ज्यांतून वाट काढत बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क कायमचे संपायला २०१४ उजाडलं. मग मंदिर समितीनं पुजारीपदासाठी सगळ्या जातींकडून, बायकांकडूनही अर्ज मागवले. कोल्हापूरच्या अंबाबाईसाठी पगारी पुजाऱ्यांचा कायदा २०१८ मध्ये आला. आता वारं उलटं वाहतंय आणि ‘मंदिरं सरकारमुक्त करा’ ही घोषणा जोरात आहे.

न्यू जर्सीत बसून हे वाचताना मला एक गोष्ट खटकते. भांडण गाभाऱ्यात कोण जाणार आणि दानपेटी कोण उघडणार एवढ्यापुरतंच चालतं. देवळात येणाऱ्या माणसांसाठी गुरुजींनी काय करायचं, हा मुद्दा कुणाच्याच यादीत नसतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. तिथल्या रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, बाई आहेत. अमेरिकेत याचं आता कुणाला नवल वाटत नाही. सॅली प्रीसँड १९७२ मध्ये रब्बाय झाल्या. त्यांच्याही आधी, १९३५ मध्ये, जर्मनीत रेगिना योनास झाल्या होत्या. १९४४ मध्ये नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीत त्यांचा जीव घेतला गेला. कडव्या ऑर्थोडॉक्स पंथात अजूनही बाईला हे पद नाही, तेव्हा सगळं आलबेल आहे असं समजू नका.

रब्बायवाचून प्रार्थनेचं काही अडत नाही. दहा प्रौढ ज्यू जमले की सामुदायिक प्रार्थना होते, आणि ती कुणीही जाणकार चालवू शकतो. वंशानं येणारं पुरोहितपण ज्यूंमध्येही आहे. ‘कोहेन’ घराण्यातल्या माणसाला तोरा या धर्मग्रंथाच्या वाचनाचा पहिला मान मिळतो, असे काही मोजके मान, पण तेवढेच. रब्बाय होतो शिकून. आपल्याकडे त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर तो पुजाऱ्यात नाही, फडावरच्या कीर्तनकारात सापडेल. ग्रंथ उलगडून सांगायचा, पोरांना शिकवायचं, आणि कुणाच्या घरी काय चाललंय याची खबर ठेवायची.

हे शेवटचं काम मी जवळून पाहिलंय. शेजारच्या आजींचे यजमान गेले तेव्हा मी वरणभात घेऊन गेले होते. दार उघडंच होतं. दिवाणखान्यातला आरसा चादरीनं झाकलेला, आजी बुटक्या खुर्चीवर. रब्बाय बाई आल्या आणि समोर नुसत्या बसल्या. शोक करणारा बोलेपर्यंत भेटायला आलेल्यानं तोंड उघडायचं नाही, अशी रीत आहे. बऱ्याच वेळानं आजी नवऱ्याच्या घोरण्याबद्दल काहीतरी बोलल्या आणि सगळे हसले. संध्याकाळच्या प्रार्थनेला दहा जण भरेनात. माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, म्हणून एका म्हाताऱ्यानं दहा शब्दांचं एक वचन माणसागणिक एकेक शब्द म्हणत मोजणी केली. शेवटचा शब्द उरला. मला धरून दहा होत होते, पण मी चालणार नव्हते. बाईंनी फोन केला आणि पाच मिनिटांत कुणीतरी चपला घालून धावत आलं.

माझे वडील गेले तेव्हा साताऱ्यात दहावं-तेरावं यथासांग झालं. गुरुजींचे उच्चार स्वच्छ होते. त्यांनी गोत्र विचारलं, तीन पिढ्यांची नावं विचारली आणि घड्याळ बघून निघाले. त्यांना दोष देत नाही, त्या दिवशी त्यांची आणखी दोन कामं होती. वडील कसे होते हे विचारणं त्यांच्या कामात बसतच नाही, मग ते बडवे असोत की समितीचे पगारी.

म्हणून मामेभावानं लगेच टाळ्या वाजवू नयेत. इथे रब्बायची नेमणूक सरकार करत नाही, हे खरं. सभासद वर्गणी भरतात, निवड समिती उमेदवारांना शनिवारच्या प्रार्थनेला बोलावून पारखते, मग करार होतो. पण पैसे देणारा तोंडही धरतो. न्यूयॉर्कच्या टेम्पल इमॅन्यूएलनं स्टीफन वाइज यांना बोलावलं, तेव्हा व्यासपीठावर विश्वस्तांचा अंकुश राहील असं कळल्यावर ते गेलेच नाहीत. १९०७ मध्ये त्यांनी आपलं वेगळं ‘फ्री सिनेगॉग’ काढलं. सगळ्यांना असं जमत नाही. गाझाच्या युद्धावर काय बोलायचं, या प्रश्नानं हल्ली कितीतरी रब्बाय पेचात आहेत. एका बाजूचे सभासद बोललात म्हणून रुसतात, दुसऱ्या बाजूचे गप्प बसलात म्हणून.

शिवाय दार उघडं ठेवण्याची किंमत असते. टेक्सासमध्ये कॉलीव्हिलच्या रब्बाय चार्ली सायट्रॉन-वॉकर यांनी जानेवारी २०२२ मध्ये थंडीतून आलेल्या एका अनोळखी माणसाला आत घेतलं, चहा करून दिला. त्याच माणसानं पिस्तूल काढून त्यांना आणि तिघा सभासदांना ओलीस धरलं. रात्री रब्बायनी त्याच्यावर खुर्ची फेकली आणि उरलेले सगळे निसटले. आमच्या गल्लीतल्या सिनेगॉगच्या दारात आता पहारेकरी असतो.

आणि काकांनी तर अजिबात टाळ्या वाजवू नयेत. सरकारच्या छत्राखाली रब्बाय बसला की काय होतं, हे मराठी माणसांनीच भोगलंय. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले आपले ज्यू, शनिवार तेली. नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल अशा गावांत त्यांनी शतकानुशतकं शब्बाथ म्हणजे शनिवारची सुट्टी पाळली, सुंता केली, मलिद्याचा विधी केला, एलियाहू हनावी या प्रेषिताला नवस बोलले, तेही रब्बायशिवाय. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये सिनेगॉग बांधलं, त्याला लोक ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. मुकादम कारभार बघायचा, हाजान प्रार्थना म्हणायचा. काही अडलं नाही.

अडलं ते इस्राएलला गेल्यावर. तिथे ज्यूंचं लग्न लावण्याचा अधिकार सरकारमान्य रब्बायांच्या हाती आहे. रब्बाय नसताना तुमचे घटस्फोट शास्त्रानुसार झाले असतील कशावरून, अशी शंका काढली गेली. मुख्य रब्बाय यित्झाक निस्सीम यांच्या काळात, १९६२ मध्ये, सूचना निघाल्या की बेने इस्राएलांचं लग्न लावताना आईकडच्या पिढ्या मागे जाता येईल तितक्या तपासा. ज्यांच्या पूर्वजांनी रब्बायवाचून धर्म टिकवला, त्यांनाच रब्बाय नव्हता म्हणून संशयित ठरवलं! अलिबागेहून गेलेल्या माणसानं पणजीच्या आईच्या काडीमोडाचा कागद कुठून आणायचा? लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेनं ठराव करून सांगितलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि त्या सूचनांतून त्यांचं नाव गाळावं लागलं. तिथे आजही नोंदणी विवाह नाही. रब्बायकडे जायचं नसेल तर जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करतात.

सरकार की विश्वस्त, या प्रश्नात मला म्हणूनच फारसा रस उरलेला नाही. दोन्हीकडे गुरुजी वरच्याकडे बघतात. खालच्यानं काय मागावं, हे लिहून ठेवलेलं असेल तर कुणाचंही राज्य थोडं सुसह्य होतं. ज्ञानप्रबोधिनीच्या पुरोहित बाया विधीचा अर्थ मराठीत समजावून सांगतात, ही सुरुवात आहे. पण त्यांनाही आपण कार्यापुरतंच बोलावतो.

इथल्या आमच्या देवळाची गत तर आणखी मजेशीर. गुरुजी भारतातून धार्मिक कर्मचाऱ्यांच्या व्हिसावर येतात. त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि अर्ज देवळाच्या नावानं. विश्वस्तांना न आवडणारं ते काय बोलणार? मागच्या सभेत नव्या गुरुजींच्या जाहिरातीचा मसुदा वाचला गेला. रुद्र, सत्यनारायण, वास्तुशांत, प्रसादाचा स्वयंपाक येत असल्यास प्राधान्य. मी सुचवलं, आठवड्यातून एक दुपार हॉस्पिटलमध्ये आणि घरी एकट्या असलेल्या म्हाताऱ्यांकडे जाणं, एवढी एक ओळ घाला. खजिनदार म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण गुरुजींना गाडी कुठे चालवता येते? मग ड्रायव्हिंगच्या क्लासचे पैसे बजेटमध्ये धरा, असं मी लेखी दिलंय. विषयपत्रिकेत तो मुद्दा सध्या ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात आहे, पार्किंगच्या डांबरीकरणाच्या खाली.