घुंईईई…

इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली की आधी वाजतं काय? घुंईईई. सूर नंतर. तारांना बोट लावलं की आवाज दबतो, उचललं की परत सुरू. मी गिटार वाजवतोय की तान्हं बाळ थोपटतोय?

आणि सल्ले! "केबल बदल." "ॲम्प (आवाज मोठा करणारा डबा) बदल." एका महाभागाने तर गिटारच बदलायला सांगितली. तीन केबली झाल्या, भो! जॅकला नवा डाग दिला, व्हॉल्यूमच्या बटणाखाली कॉन्टॅक्ट साफ करायचा स्प्रे मारला. खरखर गेली, घुंई तिथेच. जाईल कशी? ती ५० हर्ट्झची, थेट भिंतीतल्या वायरिंगमधून येतेय! तारांचं कंपन टिपणारा सिंगल कॉइल पिकअप म्हणजे तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. आजूबाजूची गुणगुण तो इमानेइतबारे पकडणारच. यावर उपाय म्हणून १९५५ साली हंबकर, म्हणजे दोन कॉइली जोडून गुणगुण मारणारा पिकअप, निघाला. आमच्या घरात अर्थिंग अजून निघायचंय.

वायरमनला म्हटलं, अर्थिंग बघ. तो म्हणे, "लाइट लागतो ना? मग?" बोर्ड उघडला, तर तिसऱ्या भोकामागे वायरच नाही. शोभेचं भोक! आणि मी मूर्ख गुणगुण अडवायला गिटारच्या पिकगार्डखाली (पुढच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली) तांब्याची पट्टी चिकटवत बसलो होतो.

त्यात जळगावचा मे महिना. कूलर लावला की त्याच्या मोटरची खर्रर्र वेगळी, बंद केला की मी वितळतो. निवडा!

काल संध्याकाळी लाइट गेली. काय ती शांतता! घुंई नाही, खर्रर्र नाही. ॲम्पही बंद होता म्हणा.