आठ दिवसांचा पंतप्रधान आणि आपला एकमुखी ठराव

ऑस्ट्रेलियात सर्वांत कमी काळ पंतप्रधान राहिलेला माणूस आमच्या क्वीन्सलंडचा. फ्रँक फोर्ड. ६ जुलै १९४५ ला शपथ आणि १३ जुलैला पायउतार. सामान्यज्ञानाच्या एका प्रश्नापलीकडे इथे त्यांची कुणी फारशी आठवण काढत नाही. मला मात्र महाराष्ट्रात मुख्यमंत्रिपदाचा घोळ सुरू झाला की हटकून फोर्ड आठवतात.

मिचेल नावाच्या आडगावात १८९० साली आयरिश स्थलांतरितांच्या घरी त्यांचा जन्म झाला. आधी मास्तरकी, मग टपाल-तार खात्यात नोकरी. १९१७ मध्ये रॉकहॅम्प्टनमधून राज्याच्या विधानसभेत आणि १९२२ मध्ये केंद्रीय संसदेत. १९३५ साली मजूर पक्षाचा नेता निवडायची वेळ आली तेव्हा उपनेते फोर्डच होते, पण जॉन कर्टिन यांनी त्यांना एका मताने हरवलं. एका मताने! आपल्याकडे एवढ्यावर नवा पक्ष निघाला असता. फोर्ड पुढची दहा वर्षं कर्टिन यांचे उपनेते म्हणून राबले, महायुद्धाच्या काळात लष्कर खातंही त्यांनी सांभाळलं.

५ जुलै १९४५ ला कर्टिन पदावर असतानाच वारले. उपनेता म्हणून फोर्ड यांना शपथ दिली गेली, पण ती पक्षाची बैठक होईपर्यंतच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बैठकीत खासदारांनी मतं टाकली आणि बेन चिफली मोठ्या फरकाने निवडून आले. कर्टिन आजारी आणि फोर्ड सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेत, अशा वेळी कारभार चिफली यांनीच हाकला होता. खासदारांनी ते जवळून पाहिलं होतं. फोर्ड पुन्हा उपनेते झाले, लष्कर खातंही त्यांच्याकडेच राहिलं. ना रुसवा, ना समर्थकांचे राजीनामे.

हे कौतुकाने सांगितलं की सांगलीचे मामा फोनवर लगेच ऐकवतात, "तुमच्याकडे तरी काय मोठं? पंतप्रधान बदलता तुम्ही मोजे बदलावेत तसे." बरोबर आहे. २०१० ते २०१८ या आठ वर्षांत केविन रड, ज्युलिया गिलार्ड, टोनी ॲबट आणि माल्कम टर्नबुल, चौघांनाही त्यांच्याच पक्षाच्या खासदारांनी घालवलं. मतदाराने एकाला निवडावं आणि सकाळी उठून पाहावं तर खुर्चीवर दुसराच. लोक एवढे विटले की दोन्ही मोठ्या पक्षांना नियम कडक करावे लागले. मजूर पक्षात आता सामान्य सभासदही नेतानिवडीत मत देतात. म्हणजे मतदानाचा अतिरेक होतो हे मान्य. पण तो अतिरेक उघड असतो. कोण लढलं, किती मतं पडली, कोण हरलं, हे त्याच दिवशी देशाला कळतं.

आपल्याकडे काय कळतं? २०१९ चा पहाटेचा शपथविधी आणि चौथ्या दिवशी राजीनामा, २०२२ मधली सुरत-गुवाहाटी, २०२४ मध्ये २३ नोव्हेंबरला निकाल लागूनही ५ डिसेंबरपर्यंत लांबलेला शपथविधी. प्रत्येक वेळी आमच्या ग्रुपवर वाद एकच: गद्दार कोण? त्या आमदारांना आपल्या पक्षात नेता म्हणून नेमका कोण हवा होता, हे कुणी विचारत नाही, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. दिल्लीहून निरीक्षक येतात, ठराव एकमताने होतो, नाहीतर एका ओळीत सगळे अधिकार श्रेष्ठींना देऊन आमदार मोकळे होतात. काँग्रेसने हे वळण लावलं, इतरांनी ते निमूट गिरवलं. घराण्यांच्या पक्षांत तर तेवढीही औपचारिकता नको असते.

मामा म्हणतात, आपल्या मातीत ते जमायचं नाही. पण जमलं होतं. जानेवारी १९६६ मध्ये पंतप्रधान शास्त्रीजी ताश्कंदला वारले. गुलझारीलाल नंदा १३ दिवस काळजीवाहू पंतप्रधान होते, म्हणजे आपले फोर्डच (नंदांवर तर ही पाळी दुसऱ्यांदा आली होती). मग काँग्रेसच्या खासदारांनी गुप्त मतदान केलं: इंदिरा गांधी ३५५, मोरारजी देसाई १६९. मोरारजींचं नाव काढलं की संयुक्त महाराष्ट्राची आठवण असलेल्या मराठी माणसाच्या कपाळावर आठी पडते, ती पडू दे. पण श्रेष्ठींनी समजूत घालूनही ते मागे हटले नाहीत, मतदान करायला लावलं, हरले, आणि पुढच्या वर्षी त्याच इंदिराबाईंच्या हाताखाली उपपंतप्रधान झाले. पुढे ते बिनसलं ही गोष्ट वेगळी.

फोर्ड यांना तरी नंतर काय मिळालं? १९४६ च्या निवडणुकीत पक्ष जिंकला आणि हे स्वतःची जागा हरले. मग कॅनडात उच्चायुक्त झाले, १९५५ मध्ये पुन्हा क्वीन्सलंडच्या विधानसभेत आले आणि १९५७ मध्ये हरले, तेही एका मताने. ९२ वर्षं जगले. नशीब म्हणून त्यांचा दाखला कुणी देणार नाही, मीही देत नाही.

माझं म्हणणं फक्त त्या बैठकीपुरतं आहे. मामांचा शेवटचा मुद्दा पक्षांतरबंदीचा असतो: आमदाराने वेगळं मत दिलं तर आमदारकी जाईल. पण १९८५ चा तो कायदा सभागृहात पक्षादेश मोडणाऱ्याला धरतो. विधिमंडळ पक्षाच्या बंद दाराआडच्या बैठकीत नेता निवडायला चिठ्ठ्या टाकल्या तर त्या कायद्याची आडकाठी येत नाही. पेटी ठेवायची की नाही, हे त्या त्या पक्षाने ठरवायचं आहे.