म्हातारा साळिंदर, एक नग

गेल्या मंगळवारी मला एका प्राण्याचा मृत्यू लेखी मान्य करावा लागला, आणि तो प्राणी मुळात कापडाचा होता. सही माझीच आहे, पावतीची प्रत माझ्या पाकिटात आहे, आणि भाजीवाल्याला पैसे देताना ती चुकून हाती लागली की अजूनही माझे डोके तापते.

मला हेजहॉगचा, म्हणजे पाठीवर आखूड काटे असलेल्या एका छोट्या प्राण्याचा नाद आहे. आमच्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात चिनी मातीचे, पितळेचे आणि लाकडाचे मिळून ४१ हेजहॉग बसलेले आहेत. बेचाळिसावा जर्मनीतील एका विक्रेत्याकडून मागवला होता. त्याचे नाव मेकी. १९४९ पासून तिकडच्या एका साप्ताहिकाचा तो लाडका चेहरा झाला आणि १९५१ पासून श्टाइफ या खेळणी-कंपनीने त्याच्या बाहुल्या बनवल्या, एवढे सांगितले तरी पुरे. पार्सल घरी यायचे होते. त्याऐवजी फोन आला.

"सर, तुमच्या पार्सलमध्ये जनावर आहे. पोरं हात लावत नाहीत. येऊन घेऊन जा."

मे महिन्यातील सोलापूरची दुपार होती. कुरियरच्या त्या कचेरीवर पत्रे होते, आणि आतील एकमेव पंख्याचे तोंड संगणकाकडे वळवलेले होते, कारण माणसांपेक्षा तो लवकर तापतो. विक्रेत्याने डब्यावर जर्मन भाषेत 'हेजहॉग, जुना, १ नग' असे इमानदारीने लिहिले होते. खिडकीमागील तरुणाने ते मोबाइलसमोर धरले, आणि मोबाइलने त्याला सांगितले, 'म्हातारा साळिंदर, एक.'

"साळिंदर नाही," मी म्हणालो. "हेजहॉग आहे."

"मराठीत सांगा ना, सर."

येथे माझी चूक झाली. या प्राण्याला मराठी कोशात 'जाहक' असा एक शब्द आहे, आणि तो मला ठाऊक आहे याचा मला नको तितका अभिमान आहे. मी म्हणालो, "जाहक."

"ग्राहक तुम्हीच, सर. वस्तूचं नाव सांगा."

माझ्या मागे पांढरे धोतर नेसलेले एक काका उभे होते. पुण्यातील लेकीला पाठवायचे शेंगाचटणीचे आणि कडक भाकरीचे खोके त्यांनी सुतळीने असे आवळले होते, की आतील भाकरी कडक होत्या म्हणूनच टिकल्या असाव्यात. ते एवढा वेळ गप्प कसे राहिले, हेच मला आता नवल वाटते.

"साळिंदर मागवलाव होय ओ, साहेब? घरात ठेवायला?"

"साळिंदर नाही, काका."

"ठेवू नका. आमच्या थोरल्या भावाच्या चौकटीत कुणीतरी साळिंदराचा काटा खोचला. सहा महिन्यांत वाटण्या झाल्या बघा. विहीरसुद्धा वाटली."

वाद घालायचा नाही असे ठरवलेले असूनही माझ्या तोंडून गेले, "विहीर कशी वाटली?"

"वार लावून की ओ. सोम, बुध, शुक्र त्याचं. मंगळ, गुरू, शनि आमचं."

"आणि रविवार?"

"रविवारी भांडण असतंय."

साळिंदराच्या काट्याने घरात कलह लागतो हा समज मला नवा नव्हता. माझ्या मेहुण्याने एकदा 'तुझ्या आवडीचं' म्हणून दोन काटे आणून दिले होते, आणि सासूबाईंनी ते चिमट्याने उचलून बाहेर टाकले होते. गंमत अशी की गर्भिणीच्या सीमंतोन्नयनात पतीने तिचा भांग पाडायचा तो याच काट्याने. भांगात फिरला तर मंगल आणि चौकटीत खोचला तर वाटणी, असा हा न्याय आहे. परंतु माझी तक्रार वेगळी आहे. तुम्हाला एखादी वस्तू आवडते हे नातलगांना एकदा कळले, की त्या वस्तूच्या चुलत-मावस नात्यातील सर्व काही तुमच्या घरी येऊन पडते. मला आजवर निवडुंगाची कुंडी मिळाली आहे, आणि एका वाढदिवसाला फ्रिजला चिकटवायचा फणस मिळाला आहे. हेजहॉग मात्र एकानेही दिला नाही.

या जुन्या जखमेमुळेच असेल, मी त्या रांगेकडे वळून व्याख्यान सुरू केले. साळिंदर हे उंदीर-खारींच्या गणातील, दहा-पंधरा किलोंचे, कंदमुळे खाणारे जनावर असून त्याचे लांब काटे सहज निसटून शत्रूच्या अंगात रुततात. हेजहॉग मात्र जेमतेम किलोभराचा, किडे खाऊन जगणारा जीव असून त्याच्या पाठीवरचे पाच-सहा हजार आखूड काटे तसे निसटत नाहीत, म्हणून तो संकट आले की अंगाचा चेंडू करून पडून राहतो. आणि नातेच सांगायचे तर तो साळिंदरापेक्षा चिचुंद्रीला जवळचा आहे. हे शेवटचे वाक्य मी बोलायला नको होते.

"म्हणजे चिचुंद्री," काका म्हणाले.

"चिचुंद्री नव्हे, काका. चिचुंद्रीच्या नात्यातला."

"एवढ्या लांबनं चिचुंद्री मागवलाव? आमच्या मोरीत दोन हायत. फुकट न्या."

रांग हसली. मीही हसलो, कारण न हसणारा माणूस अशा वेळी आणखी हास्यास्पद दिसतो. तेवढ्यात काकांनी घरी फोन लावला आणि कन्नडमध्ये सगळी हकीकत सांगायला घेतली. मला त्यातील 'मुळ्ळुहंदी' हा एकच शब्द कळला, म्हणजे काटेरी डुक्कर, म्हणजे पुन्हा साळिंदरच. जर्मन लोकही साळिंदराला काटेरी डुक्करच म्हणतात, हे मला ठाऊक होते. पण त्या क्षणी ते कोणाला सांगण्याची माझी हिंमत नव्हती. शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाने १८५१ मध्ये एक दृष्टान्त लिहिला, की थंडीत ऊब हवी म्हणून साळिंदरे एकमेकांना बिलगतात आणि काटे टोचले की पुन्हा दूर होतात. त्यातील साळिंदरांना हाकलून जगाने पुढे त्या पेचाला हेजहॉगचे नाव दिले. मोठमोठ्यांची ही तऱ्हा असेल, तर चटणीवाल्या काकांवर मी का चिडावे? तरी चिडलो होतो. पत्र्याखालच्या त्या रांगेत ऊब कोणालाच नको होती आणि तरीही आम्ही सर्व एकमेकांना बिलगून उभे होतो.

अखेर डबा माझ्यासमोर फोडण्यात आला. आतून वीतभर उंचीचा मेकी निघाला: ठिगळ लावलेली विजार, ब्रशासारखे राठ केस, आणि दुपारची झोप मोडल्यासारखे अर्धवट मिटलेले डोळे. मला तो फार आवडला.

"खेळणं होय!" खिडकीमागचा तरुण म्हणाला. "नातवाला का?"

मला नातू नाही. मी "हो" म्हणालो.

त्या 'हो'चा मला सर्वांत जास्त राग आहे. नाणी जमवणाऱ्याला गावात अभ्यासक म्हणतात, तिकिटे जमवणाऱ्याची प्रदर्शनात ओळख करून देतात, आणि त्रेपन्न वर्षांच्या माणसाने स्वतःच्या पैशाने एक बाहुली घेतली तर तिला न जन्मलेल्या नातवाच्या नावावर करावे लागते.

संगणकात मात्र 'प्राणी' अशी नोंद आधीच झाली होती आणि ती पुसता येत नव्हती. पुढच्या रकान्यात दोनच पर्याय होते, जिवंत आणि मृत. तरुणाने मेकीकडे एकदा नीट पाहिले आणि 'मृत' निवडले. मी सही केली. नुकत्याच आत आलेल्या एका बाईंनी पावतीवर ओझरती नजर टाकून माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिले.

निघताना काकांनी मेकी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारले, "याची बायको कुठाय?"

प्रश्न बिनतोड होता. मेकी ज्या जर्मन लोककथेतून आला, तीत हेजहॉग सशाशी शर्यत लावतो. आपल्याकडे ससा झोपी जातो म्हणून कासव जिंकते. तिकडे हेजहॉग हुबेहूब आपल्यासारख्या दिसणाऱ्या बायकोला शेताच्या दुसऱ्या टोकाला उभे करतो आणि ससा धापा टाकत पोहोचला की ती म्हणते, मी केव्हाच आलोय. तिचीही बाहुली मिळते. तिचे नाव मिकी.

घरी आल्यावर हिनेही मेकीकडे पाहून तेच विचारले, म्हणून मी त्या विक्रेत्याला लिहून टाकले आहे. या खेपेस पार्सल आणायला तू जा, असे मी हिला सुचवले आणि शर्यतीची गोष्टही सांगितली. तिने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, मग पावती हातात घेऊन वाचली.

"जाईन की," ती म्हणाली. "पण बाईमाणसाला मृत लिहिणार असतील, तर मी सही करणार नाही."