देवावर जोक म्हणजे डायरेक्ट जेल?

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर परवापासून एकच मेसेज फिरतोय. म्हणणं असं की आपल्या संस्कृतीत देवाची चेष्टा कधी नव्हतीच, धर्मावर जोक मारला की सरळ ३ वर्षं जेल, आणि तो कायदा पण फक्त हिंदूंसाठी केलाय, दुसऱ्यांना कोण हात लावत नाही.

काय बे, पहिलंच वाक्य वाचून हसायला आलं. एकनाथांचं भारूड कधी ऐकलं नाही का, १६ व्या शतकातलं? बाई भवानीआईला रोडगा कबूल करते आणि मागते काय, तर सासरा गावाला गेलाय त्याला तिकडंच खपव, सासूला उचल, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी नवऱ्याचा पण नंबर लावते! देवीला घातलेल्या नवसाचीच ही थट्टा, आणि म्हणतात कोण तर वारकरी, टाळ-मृदंगावर. तमाशाच्या गवळणीत मावशी भर स्टेजवर कृष्णाची फिरकी घेते ते वेगळंच.

आता ३ वर्षांचं. धर्माच्या अपमानाचं कलम म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेतलं (IPC) २९५अ, जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९९. ३ वर्षं ही जास्तीत जास्त, नुसता दंडही होऊ शकतो, आणि मेन अट म्हणजे मुद्दाम, दुष्ट हेतूनं अपमान केलेला पाहिजे. मासिकाच्या कव्हरवर धोनीला विष्णू दाखवलेलं, हातात बूट वगैरे, ती केस २०१७ ला सुप्रीम कोर्टानं याच मुद्द्यावर उडवली. पण मेसेजवाल्याचं थोडं खरंय, कारण कोर्टात टिको न टिको, पोलीस आधी उचलू शकतात, गुन्हा अजामीनपात्र आहे. स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकीला १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये धरलं आणि जामीन मिळाला ५ फेब्रुवारीला, तो पण थेट सुप्रीम कोर्टातून, आणि कोर्टानं काय पकडलं तर अटकेचे नियमच पाळले नव्हते. शिक्षा कुठंय यात? महिना मात्र गेला ना बिचाऱ्याचा.

तिसरं तर पार उलटंय. हे कलम १९२७ चं, इंग्रजांच्या काळातलं, लाहोरात पैगंबरांवर एक पुस्तिका निघाली, प्रकाशक हायकोर्टातून सुटला, मुसलमान भडकले, त्यातून आलेलं. फक्त हिंदूंसाठी कसं काय?

आणि मेसेज टाकणारे आमचे काका, आषाढीला पंढरपुरात त्याच रोडग्याच्या भारुडाला माझ्या शेजारी बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होते.