मुलाखत नाही, असं ऐकलं होतं

रेल्वेत गार्डच्या नोकरीला मुलाखत नसते. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या श्रेणीतल्या भरतीच्या मुलाखती बंदच करून टाकल्या. संगणकावर परीक्षा, मग कागदपत्रं, मग डॉक्टर, की झालं. ही बातमी दिल्लीहून निघाली खरी, पण कुडाळच्या अलीकडे कुठेतरी क्रॉसिंगला अडकली असावी. आमच्या वाडीत मुलाखत कंपल्सरी आहे, आणि पॅनेलवर यायला पडवीत खुर्ची मिळाली की पुरते.

2019 साली एनटीपीसीची, म्हणजे रेल्वेतल्या बिगर-तांत्रिक पदांच्या भरतीची, जाहिरात आली. जागा 35 हजारांवर, अर्ज सव्वा कोटीच्या आसपास. फी 500 रुपये, पण परीक्षेला बसलं तर त्यातले 400 परत. शेजारच्या तात्यांना इथेच वास आला.

"सरकार पैसे परत देता? मगे तां सरकार न्हय."

मी पसंतीत पहिल्या नंबरवर गुड्स गार्ड टाकलं होतं. पॅनेलचा पहिला प्रश्न त्यावरच होता.

"गणपतीक तिकीट गावतला मा?"

मी समजावलं की गुड्स म्हणजे मालगाडी, तिला तिकीट नसतं. पडवीत शांतता पसरली. आमच्याकडे रेल्वेतल्या माणसाची पत पगारावर नाही, भाद्रपदातल्या कन्फर्म बर्थवर ठरते. डोंबिवली-परळचे चाकरमानी बुकिंग उघडायच्या दिवशी सकाळी आठला मोबाईल घेऊन बसतात आणि आठ वाजून दोन मिनिटांनी वेटिंग लिस्ट घेऊन उठतात. आणि हक्काचा पोरगा निघाला कोळसा पोचवायला!

"त्यापरास टीसी हो," तात्या म्हणाले. जसं काही गार्ड मापात बसत नसेल तर दुकानदार टीसी बदलून देतो.

आईचा प्रश्न निराळा होता. मालगाडीच्या शेवटी ब्रेक व्हॅन असते, त्यात गार्ड बसतो, इतकंच मी बोललो होतो. कौतुक वाटावं म्हणून पुढे सामानही सांगितलं: लाल-हिरव्या झेंड्या, हातदिवा, वॉकीटॉकी आणि डिटोनेटर. गाडी मध्येच बंद पडली तर गार्डने मागे चालत जायचं आणि हे डिटोनेटर रुळावर लावायचे. मागून गाडी आलीच तर ते चाकाखाली फुटतात आणि ड्रायव्हर सावध होतो.

"चलत जावचा? रातीचो? येकटोच?" आई म्हणाली. "आणि गाडी बोगद्यात ऱ्हवली तर?"

याचं उत्तर कुठल्याच गाईडमध्ये नव्हतं. त्यात कोणीतरी कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब असल्याची माहिती पुरवली. मग तासभर भुतांवर चर्चा झाली आणि माझ्या नोकरीचा विषय आपोआप मागे पडला.

परीक्षेचं फार काही सांगण्यासारखं नाही. मध्ये करोना आला आणि पहिला टप्पा सुरू व्हायलाच 2020 चा डिसेंबर संपत आला. नव्वद मिनिटांत शंभर प्रश्न, तीन चुकले की मिळवलेला एक मार्क जातो. दोन्ही टप्पे पार पडले. 400 रुपयेही खात्यात आले, तेही बँकेचे चार्जेस कापून. ते ऐकून तात्यांचा सरकारवर पुन्हा विश्वास बसला.

खरी धास्ती मेडिकलची. गार्डला ए-टू श्रेणी लागते, म्हणजे दोन्ही डोळ्यांनी सहा बाय नऊ, तेही चष्म्याशिवाय. लेझर करून घेतलेला डोळाही चालत नाही. आईने थेट देवळात गाऱ्हाणं ठेवलं. घालायला अर्थात तात्या.

"बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या लेकराक चष्म्याशिवाय सहा बाय नऊची वळ वाचूक गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"लाल तां लाल दिसांदे, हिरवा तां हिरवा दिसांदे रे म्हाराजा!"

रेल्वेच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. ठिपक्यांतला आकडा ओळखायचा. मी "74" म्हणालो. डॉक्टरांनी पान उलटलं. चेहऱ्यावर ना होकार, ना नकार. मला सवयीने मागून "व्हय म्हाराजा" ऐकू यायची वाट बघावीशी वाटली.

पास झालो. त्याआधीच, 2022 च्या जानेवारीत, रेल्वेने गार्डचा ट्रेन मॅनेजर करून टाकला होता. त्या जोरावर मामाने एक स्थळही आणलं. मुलीचे वडील आमच्या पॅनेलपेक्षा जास्त तयारीने आले होते.

"हाताखाली माणसं किती?"

"माणसं नाहीत," मी म्हटलं. "पुढे 58 वाघिणी असतात, म्हणजे मालाचे डबे."

"केबिनला एसी?"

ब्रेक व्हॅनमध्ये पंखा असला तरी नशीब समजायचं, हे मी सांगणार, तेवढ्यात मामाने पोहे पुढे केले. ते पोहे खाऊन गेले, ते गेलेच.

ऑर्डर आली तेव्हा वाडीत पेढे वाटले. तात्यांनी पेढा तोंडात टाकून शेवटचा प्रश्न विचारला.

"मगे, आमच्या टेसनात कधी दिसतलस?"

"मी मध्य रेल्वेत आहे, तात्या. मध्य रेल्वे रोह्याला संपते. तिथून पुढे कोकण रेल्वे, ती वेगळी."

"म्हंजे तू रोह्याक येवन परत जातलस?"

"ड्युटी आली तर, हो."

तात्यांनी पेढा गिळला आणि घरात हाक मारली.

"गे, आयकलंस? देवाक दिलेलो नारळ अर्धोच लागू पडलो!"