डबा चार हजारांचा आणि आत गेमच नाही

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, त्यामुळे भाषा जरा सांभाळून घ्या. चार हजारांच्या वर पैसे मोजून फुटबॉलचा गेम आणला. डाउनलोडवाला नाही, मुद्दाम डिस्कवाला. दुकानात जाऊन, डबा हातात घेऊन, उलटापालटा वाचून आणला. घरी येऊन डिस्क कन्सोलमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रात, सरकवली आणि टीव्हीवर काय आलं? अपडेट आवश्यक. ६१ जीबी. मग डिस्कमध्ये काय भरलंय मेल्यांनो?

कंपनीचं नाव घेत नाही. नाव घेतलं की दुसऱ्या कंपनीचे भक्त लगेच येतात, "आमचा घ्यायचा होता" म्हणत. तुमचाही तसलाच आहे. सगळे एका माळेचे मणी.

माझा भाचा आला होता दिवाळीच्या सुट्टीला, कोल्हापूरकडून. तिकडच्या माणसाला फुटबॉलचं वेड समजावून सांगावं लागत नाही. तिथला पाटाकडील तालमीचा संघ हरला की हे पोरगं रात्री जेवत नाही. संध्याकाळच्या गाडीने परत जायचं होतं त्याला, त्याआधी दुपारभर आत्तीबरोबर खेळायचं एवढीच त्याची मागणी. डिस्कचा डबा त्यानेच फोडला, पातळ प्लास्टिक दाताने. आणि मग आम्ही दोघं बसलो अपडेट किती उतरला ते दाखवणारी ती निळी रेघ बघत.

आधी म्हणे कन्सोललाच अपडेट हवा. तो झाला. मग कंट्रोलरला अपडेट हवा, त्यासाठी त्याला वायरने जोडा. वायर शोधली, जोडला. मग गेमचा अपडेट सुरू झाला आणि थांबला, कारण जागा अपुरी. काही गेम काढून टाका म्हणे. जो काढायचा तोही असाच रात्रभर जागून उतरवलेला! या कन्सोलवाल्यांचं जागेचं गणितही असलंच. सोनीचा पीएस फाइव्ह, म्हणजे प्लेस्टेशन ५, आला तेव्हा जाहिरातीत ८२५ जीबी होते आणि माणसाच्या हातात वापरायला आले सुमारे ६६७. बाकीचे यंत्रणेला लागतात म्हणे. लागत असतील, पण मग डब्यावर ६६७ छापा ना. एकेक गेम शंभर जीबीच्या घरात गेलाय आता. पाच-सहा ठेवले की कपाट भरलं.

पुढे ऐका. रेघ अर्ध्यावर आली आणि लाईट गेली. पुण्यात लाईट जाते, काही नवीन नाही. लाईट आल्यावर कन्सोल सुरू केला तर तो मलाच दम देतो: तुम्ही यंत्र नीट बंद केलं नाही, पुन्हा असं करू नका. अरे मी बंद केलं का? मी काय महावितरणला फोन करून सांगितलं, जरा घालवा म्हणून? ज्यांनी हे वाक्य लिहिलं त्यांच्या गावात लाईट कधी जात नसेल, मान्य. पण विकताय ना तुम्ही आमच्या देशात? आमच्या पैशांत? मग इथे लाईट जाते एवढं तरी माहीत करून घ्या. नंतर ते आपली आतली साठवण तपासत बसलं, मग उरलेलं डाउनलोड. उरलेला वेळ ४० मिनिटं, लगेच तीन तास, मग परत ५० मिनिटं. पोरगं दर थोड्या वेळाने विचारतंय, "आत्ती, अजून किती?" काय सांगू त्याला?

झालं एकदाचं उतरून. आता तरी खेळायला मिळेल? छे. गेमच्या कंपनीचं वेगळं खातं हवं. कन्सोलचं खातं आहे, ते चालत नाही. आधी करारनामा, तळापर्यंत सरकवल्याशिवाय "मान्य" हे बटण उजळत नाही. तो जगात कोणी वाचला असेल तर मला दाखवा. पोराला स्वतःचाच संघ हवा होता, त्याने गावी मोबाईलवर जमवलेला. ते खातं माझ्या दादाच्या नंबरावर. म्हणजे ओटीपी दादाच्या फोनवर. आणि दादा रानात पाणी पाजायला, कारण मोटरच्या लाईटची पाळी दुपारची. फोन मोटरीच्या खोलीत खुंटीला टांगलेल्या पिशवीत, रेंज एक कांडी, ती पण वारा असेल तर. आम्ही फोन लावतोय, दादा पाण्याच्या पाटाची दारं मोडतोय. त्याने फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपली. दुसरा पाठवला. तो वाचून सांगेपर्यंत पडद्यावर आलं, फार वेळा प्रयत्न केला, नंतर या.

एका खोलीत, एका सोफ्यावर, एका टीव्हीसमोर दोन माणसांना खेळायचं होतं. त्याला रानातल्या माणसाचा ओटीपी कशाला लागतो? कोणासाठी आहे हा पहारा? आम्हाला कोणाशी ऑनलाइन खेळायचं नव्हतं, काही विकत घ्यायचं नव्हतं. गाडीची वेळ झाली आणि पोरगं एकही सामना न खेळता गेलं. रडलं नाही ते. रडलं असतं तर बरं झालं असतं.

आम्ही लहान असताना घरात तो समुराईचा व्हिडिओ गेम होता. ती पिवळी कॅसेट, त्यावर ९९९९ इन १ लिहिलेलं. निघायचे मोजके गेम, तेच फिरून फिरून यायचे, ती फसवणूकच होती. पण कॅसेट खाचेत बसवली, बटण दाबलं की कॉन्ट्रा सुरू. नाही झाला तर काढून फुंकर मारायची, परत बसवायची. दादा आणि मी अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यावर काढली. खातं नाही, ओटीपी नाही, करार नाही. कॅसेट शेजारच्या पोराला दिली तर त्याच्याकडेही चालायची. जुन्या दिवसांचे गोडवे गायला मी बसलेली नाही, आजचे गेम कितीतरी सुंदर आहेत आणि मला ते मनापासून आवडतात. म्हणून तर चीड येते. एवढी सुंदर वस्तू बनवता आणि माणसाच्या हातात देताना अशी नासवता?

डिस्क हा प्रकार मुळात कोणासाठी होता? ज्यांच्याकडे दांडगं इंटरनेट नाही त्यांच्यासाठी. हाच डबा मी गावी कुणाला भेट म्हणून पाठवला असता तर? तिथे वायफाय नाही, मोबाईलचं रोज दीड जीबीचं पॅक. ६१ जीबीला ४० दिवसांच्या वर लागले असते, तेही घरात दुसऱ्या कोणी व्हॉट्सॲप उघडायचं नाही या बोलीवर. पीएस फाइव्हच्या डिस्कमध्ये १०० जीबीपर्यंत माल मावतो. मावतो, तरी भरत नाहीत. २०२२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या मॉडर्न वॉरफेअर २ च्या डिस्कवर लोकांनी मोजून पाहिलं तर निघाले सुमारे ७० एमबी. जीबी नाही, एमबी! जुन्या सीडीत याच्या दहापट मावायचं. आणि २०२५ च्या जूनमध्ये निन्टेंडोने स्विच २ आणला, त्यात गेम-की कार्ड नावाचा नवा प्रकार काढला. कार्डात गेम नाहीच, फक्त उतरवून घ्यायची किल्ली. त्यांनी निदान डब्यावर ते समोर छापलं, एवढं मी मानते. बाकीच्यांना तेवढीही लाज नाही.

आणि एकदा उतरवला म्हणजे आपला झाला म्हणता? द क्रू विचारा. २०१४ चा गाड्यांचा गेम, युबिसॉफ्टचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम मेला. ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही मेला. एकट्याने गाडी फिरवायचं म्हटलं तरी नाही. त्यावरूनच ती स्टॉप किलिंग गेम्सची, म्हणजे विकलेले गेम मारू नका म्हणणारी, चळवळ पेटली आणि युरोपात दहा लाखांवर सह्या झाल्या. २०२३ च्या डिसेंबरात सोनीने कळवलं होतं की लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम वर्षअखेरीस त्यांच्या खात्यांतून जाणार. आरडाओरडा झाला, तेव्हा नवा करार करून पुढे ढकललं. म्हणजे ओरडलं नसतं तर गेलेच होते. कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू: डिजिटल माल विकताना गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की तुम्हाला फक्त परवाना मिळतोय. आमच्याकडे कोण सांगतंय? आमच्याकडे पावती देतात, जीएसटीसकट, आणि आपण समजतो आपलं झालं.

वर ऑनलाइन खेळायचं तर महिन्याला वेगळी वर्गणी. वायफायचे पैसे मी भरते, कन्सोलचे मी भरले, गेमचे मी भरले, आणि मित्राशी खेळायचे परत यांना द्यायचे. प्लेस्टेशनवर हे पीएस फोरपासून सुरू झालं, २०१३ पासून. त्याआधी पीएस थ्रीवर फुकट होतं. सवय लावली आपल्याला, आणि लागली.

बोलायला बसलेच आहे तर टीव्हीचंही बोलते. आमच्या टीव्हीच्या रिमोटवर आकडेच नाहीत. ज्या ओटीटीची वर्गणी मी आयुष्यात भरली नाही त्यांची रंगीत बटणं मात्र चार, आणि ती बरोबर अंगठ्याखाली. आवाज कमी करायला गेलं की भलतंच काहीतरी उघडतं. आईला सह्याद्री वाहिनी लावायची असते. त्यासाठी ती मला ऑफिसात फोन करते. टीव्ही चालू केला की पहिल्या पानावर जाहिरात, माझ्या घरात, माझ्या पैशाने आणलेल्या टीव्हीवर. घेतला तेव्हा नव्हती, मध्येच एका अपडेटने आली. दुकानात टीव्ही घेताना कोणी म्हणालं असतं, "ताई, सहा महिन्यांनी यावर आम्ही आमच्या जाहिराती लावणार बरं का," तर घेतला असता का?

प्रिंटरबद्दल बोलायलाच नको. काळी शाई आहे, काळंच छापायचंय, पण पिवळी संपली म्हणून छापणार नाही. भरून आणलेलं कार्ट्रिज घातलं तर ओळखणार नाही.

आणि फोन. २०१६ मध्ये ॲपलने हेडफोनचं भोक काढलं, सगळे हसले आणि मग बऱ्याच जणांनी काढलं. २०२० मध्ये डब्यातला चार्जर काढला, पर्यावरणासाठी म्हणे, परत तेच. किंमत कमी झाली का? बॅटरी गोंदाने चिकटवलेली, लॅपटॉपची रॅम बोर्डालाच डागलेली. पूर्वी पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तापकीर गल्लीच्या आसपास कुणाकडेही गेलं की दहा मिनिटांत रॅम बदलून मिळायची. आता तोच माणूस यंत्र उघडून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "मॅडम, यात काही हात घालता येत नाही." चांगले हात आहेत हो त्याचे. त्या हातांना काम राहू द्यायचं नाही असं ठरवूनच ही यंत्रं बनवलीत. सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, चांगलं केलं. पण पोर्टलने गोंद सुटत नाही. तिकडे १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ची सुरक्षेची चिप हवी, अमुक पिढीच्या पुढचा प्रोसेसर हवा. शाळांतले, क्लासांतले, झेरॉक्सच्या दुकानांतले ठणठणीत चालणारे संगणक एका तारखेला म्हातारे ठरवले. सात-आठ वर्षांची मशीन आमच्याकडे म्हातारी नसते. आमच्याकडे मिक्सर वीस वर्षं चालतो.

तर मला काय हवंय ते सांगते. बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन छापायची सक्ती आहे. २०११ चे आवेष्टित म्हणजे पॅकबंद वस्तूंचे नियम आहेत, किती ग्रॅम ते लिहावंच लागतं, कमी भरलं तर दंड होतो. मग चार हजारांच्या डब्यावर आत किती जीबी माल आहे हे लिहायला काय धाड भरली? आत्ता मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापतात ते आम्ही किती जागा रिकामी ठेवायची ते. तुम्ही काय भरलंय ते नाही. समोरच्या बाजूला छापा, किमतीच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, मराठीत आणि हिंदीत पण: डिस्कमध्ये इतके जीबी, वरून उतरवावे लागतील इतके, इंटरनेटशिवाय चालतो की नाही, वेगळं खातं लागतं की नाही, आणि सर्व्हर किमान कोणत्या सालापर्यंत चालू ठेवणार. एवढ्या पाच ओळी. एवढं लिहिलेलं असतं तर मी तो डबा तिथेच ठेवून आले असते.

दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला फोडलेला डबा परत घेत नाही, कंपनीचा नियम आहे. त्याच्यावर राग नाही, त्याचंही पोट आहे. कंपनीच्या मदत केंद्राने उत्तर म्हणून एक दुवा पाठवला, त्यावर लिहिलंय की तुमचं इंटरनेट तपासून पाहा. म्हणून आता १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार घालतेय, पावतीचा फोटो आणि पडद्याचे फोटो लावून. तुमच्यापैकी कोणी असली तक्रार घालून पैसे परत मिळवले असतील तर तक्रारीत नेमकं काय लिहिलं होतं ते कळवा. आणि घातली नसेल तर घाला. आपण सगळे रेघ बघत गप्प बसतो म्हणून यांचं फावतं.