अठरा नंबरची स्क्वाड्रन

दर १४ डिसेंबरला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों यांचे फोटो सगळीकडे फिरतात. फिरायलाच हवेत, हवाई दलाला मिळालेलं ते एकमेव परमवीर चक्र. पण त्यांच्या स्क्वाड्रनचं, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकडीचं, नाव त्या फोटोंखाली क्वचितच दिसतं, आणि दर वर्षी मला त्याचं वाईट वाटतं.

१८ नंबर, 'फ्लाइंग बुलेट्स'. स्थापना १५ एप्रिल १९६५. विमान नॅट, इतकं चिमुकलं की एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम सात मीटर! १९७१ च्या युद्धात श्रीनगरचं आकाश राखायला हीच विमानं होती. १४ डिसेंबरच्या सकाळी पाकिस्तानची सहा सेबर लढाऊ विमानं तळावर तुटून पडली आणि बॉम्ब पडत असताना सेखोंनी उड्डाण केलं. धावपट्टी सोडताना विमान अगदी उघड्यावर असतं. वेग नाही, उंची नाही, वळायला जागा नाही. तरी वर जाताच ते दोन सेबरना जाऊन भिडले. झाडांच्या शेंड्यांइतक्या उंचीवर झुंज चालली. बाकीची सेबर मदतीला आली, आणि एकट्या नॅटवर चार सेबर तुटून पडली. सेखों परतले नाहीत.

पुढे स्क्वाड्रनकडे मिग-२७ आली. नोव्हेंबर २०१५ मध्ये राष्ट्रपतींचं निशाण, म्हणजे तुकडीच्या कामगिरीचा सन्मान म्हणून दिला जाणारा ध्वज, मिळालं, आणि पाचच महिन्यांत, १५ एप्रिल २०१६ ला, ती 'नंबर प्लेट' झाली. स्थापनेचीच तारीख! नंबर प्लेट म्हणजे विमानं निवृत्त, माणसं दुसरीकडे, नंबर तेवढा राखून ठेवलेला.

हवाई दलाच्या मंजूर स्क्वाड्रन ४२; मिग-२१ विमानं निवृत्त झाल्यावर उरल्या २९. हा आकडा आपण विमानांच्या टंचाईचा म्हणून वाचतो. मला त्यात पांगलेली माणसं दिसतात. जुन्या वैमानिकाने नव्याला कानात सांगायच्या गोष्टी, तंत्रज्ञांच्या हातातली सवय, हे कुठल्याही कारखान्यात तयार होत नाही.

१ एप्रिल २०२० ला सुलूरमध्ये १८ नंबर पुन्हा उभी राहिली, आणि २७ मे रोजी तिच्याकडे देशी बनावटीचं तेजस लढाऊ विमान आलं. कोरोनाच्या बातम्यांत हे कुठल्या कुठे बुडून गेलं. मी मात्र ती बातमी दोनदा वाचली आणि डोळे भरून आले.

म्हणून माझं ठाम मत आहे: पुढची तेजस येतील तेव्हा कोरा नंबर शोधू नका. आधी हे राखून ठेवलेले नंबर जागे करा.